आधी गल्ल्या आखा, घरं नंतर

चेंबूर–कुर्ला पट्ट्यातल्या एका जुन्या म्हाडा वसाहतीच्या रहिवासी समितीने विचारलं आहे: "आमची जागा साधारण १२ एकर. तळमजला अधिक तीन अशा ३४ इमारती, १,१०० च्या आसपास कुटुंबं. विकासकाने दाखवलेल्या आराखड्यात मधोमध १,५०० गाड्यांच्या पार्किंगचा सहा मजली पोडियम, म्हणजे टॉवरखालचा चौथरा, आहे, त्यावर विक्रीचे पाच टॉवर, मागे नाल्याच्या बाजूला आमच्या पुनर्वसनाच्या दोन इमारती आणि मुख्य रस्त्यावर एकच गेट. घर मोठं मिळेल हे खरं. पण आज दूध, भाजी, शाळा, स्टेशन सगळं पायी होतं, ते राहील का? लहान घर, भाड्याचं घर, एकट्या म्हाताऱ्या माणसांची सोय, हे सगळं एकाच वसाहतीत बसतं का? आणि आम्ही आग्रह नेमका कशाचा धरायचा?"

सगळं बसतं. आग्रह गल्ल्यांचा धरा.

तीस वर्षं मी या शहरात वसाहतींचे आराखडे करते आहे आणि पुनर्विकासाच्या सभेत पहिला प्रश्न "कार्पेट किती?" म्हणजे घराच्या आतलं क्षेत्रफळ किती, हाच ऐकत आले आहे. तो विचारायलाच हवा. मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढले, १६० चौरस फुटांच्या खोलीत सात माणसं. मोठ्या घराची ओढ काय असते ते मला कोणी समजावून सांगायला नको. पण घराचा आकार कराराच्या पहिल्या पानावर येतो आणि गल्लीची रुंदी कुठल्याच पानावर येत नाही. घर पुढे विकता येतं, भाड्याने देता येतं, भिंत पाडून शेजारच्या घराला जोडता येतं. गल्ली एकदा बुजली की ती परत मिळाल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही.

दादर–माटुंग्याकडे बघा. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्ती मोकळी करायची आणि उत्तरेकडे नव्या जमिनीवर शहर वाढवायचं, हे त्याचं काम. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स हा सगळा भाग त्यातून उभा राहिला. तिथे आधी रस्ते आणि बागा आखल्या गेल्या, मग भूखंड पडले, आणि इमारती पुढच्या काही दशकांत वेगवेगळ्या मालकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे बांधल्या. पारशी कॉलनीत मंचरजी जोशी यांनी आपल्या समाजातल्या मध्यमवर्गासाठी घरं मिळवली. शेजारच्या गल्ल्यांत मराठी, गुजराती, दाक्षिणात्य कुटुंबं आली. आज त्यातल्या बऱ्याच इमारती पाडून नव्या झाल्या आहेत, काही ठिकाणी तिसऱ्यांदा. गल्ल्या मात्र त्याच आहेत, झाडं बरीचशी तीच आहेत, आणि त्या भागात राहणारी माणसं अजून भाजी आणायला चालत जातात. १९२५ मध्ये खुल्या झालेल्या शिवाजी पार्कचं असंच. मैदानाभोवतीच्या घरांच्या किमती कुठल्या कुठे गेल्या, पण त्याचा कट्टा आजही कोणाच्याही मालकीचा नाही.

याच्या उलट गोष्ट गिरणगावची. ५८ गिरण्या, जवळपास ६०० एकर जमीन. १९८२ च्या संपानंतर ती हळूहळू मोकळी होत गेली. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने सांगितलं होतं की ही जमीन तुकड्यातुकड्याने न बघता एकत्र बघा. तसं झालं नाही. शहराच्या १९९१ च्या बांधकाम नियमावलीने मोकळ्या जागेसाठी आणि घरांसाठी जो वाटा ठेवला होता, तोही २००१ च्या बदलाने फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरता उरला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. मग प्रत्येक गिरणी आपल्या जुन्या भिंतीच्या आत स्वतंत्रपणे विकसित झाली. रस्त्यांचं जाळं मुळात गिरण्यांच्या काळातलंच राहिलं आणि माणसं कितीतरी पटींनी वाढली. लोअर परळला संध्याकाळी सहा वाजता उभं राहा, मी काय म्हणते ते कळेल. समोर दिसणाऱ्या इमारतीत जायला लांबचा वळसा पडतो, कारण मध्ये तीन मालकांच्या तीन भिंती आहेत.

तुमची १२ एकरांची जागा म्हणजे तशीच एक छोटी गिरणी आहे. भिंत ठेवायची की मोडायची, ते तुम्ही आत्ता ठरवू शकता.

आता हिशोब करू. १२ एकर म्हणजे सुमारे ४८,५०० चौरस मीटर. जागा चौकोनी धरली तर एक बाजू २२० मीटर. दोन गल्ल्या उभ्या आणि दोन आडव्या टाकल्या की नऊ तुकडे पडतात, प्रत्येक साधारण ७० मीटरांचा. चालणाऱ्या माणसाला ७०–८० मीटरवर वळायला वाव मिळाला की तो सरळ आपल्या वाटेने जातो. दोनशे मीटर सलग भिंत आली की रिक्षा शोधतो. यातल्या दोन गल्ल्या १२ मीटर रुंद ठेवा, दोन ९ मीटर. सगळ्या मिळून जागेच्या १८ टक्क्यांच्या आसपास जातात. विकासक म्हणेल की एवढी जमीन रस्त्यात घालवायची? त्याला दाखवा की अग्निशमन बंबासाठी इमारतीभोवती सहा मीटर मोकळी जागा त्याला नाहीतरी सोडावीच लागते. तीच जागा प्रत्येक टॉवरभोवती गोल गोल, कोणाच्याही उपयोगाची नाही अशी सोडायची, की सरळ जोडून तिची गल्ली करायची, एवढाच प्रश्न आहे. बंबाला गल्ली चालते. वळणावर त्याला साधारण ९ मीटर त्रिज्या लागते, ती आखताना धरायची.

आणि या गल्ल्या चारही बाजूंनी बाहेरच्या रस्त्यांना जोडल्या पाहिजेत. एका प्रकल्पात मी उशिरा सल्लागार म्हणून गेले होते. पुनर्वसनाची इमारत मागे होती, स्टेशन तिच्या पाठीमागून २०० मीटरवर. पण त्या बाजूला भिंत उभी राहिली आणि गेट पुढच्या रस्त्यावर ठेवलं गेलं. २०० मीटरचे ९०० झाले. तिथल्या बायका पहाटे कामाला निघत, परत येताना हातात भाजीच्या पिशव्या असत. दोन वर्षं अर्ज केल्यावर त्या भिंतीत एक मीटरचं दार निघालं, तेही रात्री नऊला बंद होतं. इमारत चांगली होती, घरं हवेशीर होती. चूक नकाशातल्या एका रेघेची होती, आणि ती रेघ मारली जात असताना तिथे एकही रहिवासी बसलेला नव्हता.

गेटची भीती मला समजते. सभेत कोणीतरी ताई उठून विचारतेच की गल्ली सगळ्यांना खुली ठेवली तर रात्री कोणीही येईल, मुलींचं काय? त्यांना मी हिंदू कॉलनीत घेऊन जाते. तिथे गल्ली खुली आहे आणि गेट प्रत्येक इमारतीच्या आवारात आहे. गल्लीकडे तोंड केलेल्या खिडक्या आहेत, खाली दुकान आहे, कोपऱ्यावर इस्त्रीवाला रात्रीपर्यंत बसलेला असतो. एकटीने चालताना सर्वांत जास्त भीती वाटते ती दोन्ही बाजूंना उंच भिंत आणि पोडियमच्या जाळ्या असलेल्या रस्त्यावर, कारण तिथे हाक मारली तर ऐकणारं कोणी नसतं. गेट हवंच, पण ते जिन्यापाशी ठेवा. गल्लीच्या तोंडाशी नको.

हे कागदावर आणायचे दोन मार्ग आहेत. मुख्य गल्ल्या महापालिकेकडे हस्तांतरित करायच्या, किंवा मालकी वसाहतीकडे ठेवून सार्वजनिक वहिवाटीचा हक्क नोंदणीकृत दस्ताने द्यायचा. पहिल्या मार्गात दिवे, गटारं, डांबरीकरणाचा खर्च तुमच्या मेंटेनन्समध्ये येत नाही. म्हणून १२ मीटरच्या गल्ल्यांना मी तोच सुचवते. ९ मीटरच्या आतल्या गल्ल्या स्वतःकडे ठेवा, म्हणजे पार्किंग कुठे होऊ द्यायचं ते तुमच्या हातात राहील.

पार्किंगबद्दल जरा जास्त बोलते, कारण तुमचा आराखडा बिघडला आहे तो तिथेच. एका गाडीला उभं राहायला, वळायला, रॅम्पने चढायला मिळून २५ ते ३० चौरस मीटर लागतात. १,५०० गाड्या म्हणजे ४०,००० चौरस मीटरच्या वर. तुमची पूर्ण जागा १२ एकर, आणि त्यात गाड्यांसाठी मजल्यांवर मजले चढवून १० एकरांएवढं बांधकाम. ५०० चौरस फुटांचं घर म्हणजे साडेशेहेचाळीस चौरस मीटर. दोन गाड्यांची जागा एका कुटुंबाच्या घराहून मोठी होते. आणि हा डोंगर वसाहतीच्या मधोमध उभा राहिला की त्याच्या चारही बाजूंना गल्लीवर ना खिडकी, ना दुकान, ना ओटा, फक्त धूर बाहेर काढणारे पंखे.

नियमावलीत पार्किंगची किमान अट आहे, ती पाळावीच लागेल. पण किमान म्हणजे किमान, त्याच्या वरची एकेक गाडी प्रश्न विचारून मगच मान्य करा. जे पार्किंग लागेल ते मुख्य रस्त्याच्या कडेला एका वेगळ्या इमारतीत टाका. गाडी तिथे ठेवायची आणि घरापर्यंत दोन-तीन मिनिटं चालायचं. अपंग व्यक्ती, रुग्ण आणि ॲम्ब्युलन्सला घराशी येऊ द्या, बाकी कोणाला नको. त्या इमारतीच्या रस्त्याकडच्या बाजूला तळमजल्यावर आठ-दहा मीटर खोलीचे गाळे काढा, म्हणजे फुटपाथवरून जाणाऱ्याला दुकानं दिसतील, गाड्या दिसणार नाहीत. तिच्या मजल्यांची उंची मात्र घराएवढी ठेवा. उद्या गाड्या कमी झाल्या तर तिथे वर्ग, अभ्यासिका, कार्यशाळा करता येतात. सव्वादोन मीटरच्या छताखाली काहीच करता येत नाही.

"मग एवढा एफएसआय बसणार कसा?" हा पुढचा प्रश्न. एफएसआय म्हणजे जागेच्या किती पट बांधकाम करता येतं ते. हिशोबासाठी तो ३ धरू, त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे वरून मिळणारं जादा बांधकाम. बांधकाम होतं सुमारे १,९६,००० चौरस मीटर. जागेच्या ३० टक्के, म्हणजे १४,५०० चौरस मीटरवर इमारती उभ्या राहिल्या तर सरासरी साडेतेरा मजले. पण सगळ्या इमारती सारख्या उंचीच्या का असाव्यात? ९,००० चौरस मीटरवर आठ-आठ मजले आणि ५,५०० चौरस मीटरवर बावीस मजले घ्या: ७२,००० अधिक १,२१,०००. जवळपास तेवढंच बांधकाम झालं. आठ मजली इमारती गल्ल्यांच्या कडेने, त्यांच्या मागे काही उंच. आठ मजल्यांवरून आई खाली खेळणाऱ्या पोराला हाक मारू शकते. लिफ्ट बंद पडली तर तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरचा माणूस जिन्याने येऊ शकतो. बाविसाव्या मजल्यावरच्या घराला वारा आणि देखावा मिळतो, त्याला गिऱ्हाईकही मिळतं. दोन्ही हवेत, फक्त कोणतं कोणासाठी हे नीट ठरलं पाहिजे.

इथे मी विकासकाचा आराखडा उलटा करायला सांगेन. पुनर्वसनाच्या इमारती पुढे, स्टेशनच्या वाटेवर, आठ मजली. विक्रीचे टॉवर आतल्या बाजूला. याचं कारण मेंटेनन्स. उंच इमारतीला जादा लिफ्ट, मोठे पंप, अग्निशमनाची यंत्रणा, आगीत थांबायला आश्रय-मजला, जनरेटर लागतात आणि हे सगळं दर महिन्याला पैसे खातं. घर मोफत मिळतं, मेंटेनन्स मोफत मिळत नाही. पहिली काही वर्षं कॉर्पसच्या, म्हणजे विकासकाने दिलेल्या ठेवीच्या, व्याजावर निघतात. मग लिफ्टच्या दुरुस्तीला पैसे नसतात, निवृत्त माणसांना दोन-तीन हजार महिना जड होतो, आणि एकेक कुटुंब घर विकून बदलापूर-विरारला जातं. कागदोपत्री त्यांचं पुनर्वसन झालेलं असतं. शेजार मात्र दहा वर्षांत पांगलेला असतो. म्हणून करारात कॉर्पसची रक्कम मागताना उंची आणि यंत्रसामग्री मांडून दहा वर्षांचा मेंटेनन्सचा हिशोबही मागा. मोफत मिळणाऱ्या ५० चौरस फूट जादा कार्पेटपेक्षा तो हिशोब जास्त खरं सांगेल.

घरांच्या प्रकारांबद्दल. आपल्याकडे विविधता म्हणजे वन बीएचके, टू बीएचके, थ्री बीएचके असं समजतात. आकार महत्त्वाचा आहेच, पण वसाहतीत कोण कोण राहतं ते आधी मोजा. तुमच्या १,१०० कुटुंबांची एक साधी पाहणी करा: घरात किती माणसं, किती जण साठीच्या वर, किती मुलं लग्नाची, कोण एकटं, कोण घरात शिवणकाम किंवा डबे करतं, कोणाच्या घरी भाडेकरू आहे. मी अशी पाहणी जिथे जिथे केली, तिथे "सगळ्यांना सारखं घर" हा हट्ट लोकांनी स्वतःच सोडला.

दोन भावांच्या कुटुंबांना शेजारी-शेजारी दोन लहान घरं आणि मध्ये बंद करता येईल असं दार हवं असतं. चुली वेगळ्या, पण आई मध्ये. निवृत्त जोडप्याला पहिल्या मजल्यावर, गल्लीकडे गॅलरी असलेलं ३५० फुटांचं घर चालतं. उरलेल्या हक्काच्या क्षेत्राचा मोबदला कॉर्पसमध्ये मिळाला तर त्यांचं म्हातारपण निघतं. तो मोबदला नियमात कसा बसतो हे वकिलाकडून आधी तपासून घ्या. डबे करणाऱ्या ताईंना तळमजल्यावर मागे खोली, पुढे ओटा असं घर हवं. नोकरीसाठी आलेल्या मुलींना खोली हवी, जिथे खाली खानावळ असेल आणि रात्री साडेदहाला लोकलमधून उतरून पाच मिनिटांत चालत पोचता येईल.

भाड्याच्या घरांवर मी मुद्दाम भर देते. गिरणगावातल्या, गिरगावातल्या चाळी मुळात भाड्याच्याच होत्या. गावाहून ट्रंक घेऊन आलेला माणूस त्यांच्यामुळेच या शहरात टिकला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, दुरुस्ती थांबली, नवीन भाड्याच्या चाळी बांधणं कोणाला परवडेना, आणि मालकीच्या घराखेरीज दुसरा पर्यायच दिसेनासा झाला. तुमच्या वसाहतीने ५०–६० लहान खोल्या महासंघाच्या, म्हणजे वसाहतीतल्या सगळ्या सोसायट्यांच्या एकत्र संस्थेच्या, मालकीच्या ठेवल्या आणि लिव्ह अँड लायसन्सवर दिल्या, तर त्या भाड्यातून गल्ल्यांचे दिवे, मैदान, सफाई निघू शकते. यासाठी विकासकाशी खूप भांडावं लागेल. भांडा. कॉर्पस बँकेत पडून घटत जातो, खोल्या भाडं देत राहतात.

मिसळ कुठवर करायची याबद्दल माझं मत तीस वर्षांत बदललं. पूर्वी मला वाटायचं, एकाच जिन्यावर सगळ्या उत्पन्नांची घरं हवीत. तसे एक-दोन प्रयोग जवळून पाहिले. तिसऱ्या वर्षी मेंटेनन्सवरून भांडणं सुरू होतात: एकाला लॉबीत एसी हवा, दुसऱ्याला महिन्याचे चारशे रुपये वाचवायचे असतात, आणि सभेत जो जास्त भरतो त्याचा आवाज चढतो. आता मी म्हणते, जिना वेगळा ठेवा, गल्ली एक ठेवा. टॉवरमधला आणि आठ मजल्यांमधला माणूस एकाच दुकानातून दूध घेईल, एकाच मैदानावर मुलं सोडेल, गणपतीचा मंडप एकाच चौकात पडेल. वेगळं गेट, वेगळी बाग, मध्ये भिंत हे मात्र अजिबात मान्य करू नका. आणि नव्या इमारतीत एका मजल्यावर सहा-आठ दारांच्या वर नकोत. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये कोरियांनी आठ बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती सात घरं बसवली होती. ती बैठी होती, आपली उंच आहेत, पण एकमेकांना नावाने ओळखणाऱ्या घरांची संख्या बदलत नाही. लिफ्टसमोरच्या लॉबीला बाहेरची एक खिडकी असली आणि चार खुर्च्या बसतील एवढी रुंदी असली, तर ती चाळीच्या गॅलरीचं काम थोडं तरी करते.

इमारतींमधलं अंतर तपासा. गोवंडी–मानखुर्दच्या काही पुनर्वसन वसाहतींत इमारती तीन-तीन मीटरवर उभ्या आहेत, खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा लावावा लागतो, आणि तिथल्या क्षयरोगाचा संबंध या अंधाराशी आणि कोंडलेल्या हवेशी असल्याचं अभ्यासांत पुढे आलं आहे. तळमजल्यावरच्या घरात डिसेंबरमध्ये दुपारी बारा वाजता ऊन कुठवर येतं, ते आर्किटेक्टकडून काढून घ्या. संगणकावर तासाभराचं काम आहे.

गल्लीवर काय हवं, तेही लिहून द्या, नाहीतर "कमर्शियल" या एका शब्दाखाली सगळे गाळे मोठ्या शोरूमला जातात. पिठाची गिरणी, डेअरी, केमिस्ट, इस्त्री, चपला शिवणारा, वडापाव, दवाखाना. यांना १०–१२ चौरस मीटरचे गाळे पुरतात आणि मोठ्या गाळ्याचं भाडं परवडत नाही. मासळीवाल्या मावशींना बसायला ओटा, पाण्याचा नळ आणि वेगळं गटार हवं. ते आखलं नाही तरी त्या बसणारच, मग फुटपाथ ओला आणि भांडणं रोजची. भाजीच्या गाड्यांना चौकाच्या कडेला जागा आखून द्या. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्यांना हाकलून देणं हा उपाय नाही आणि तुमच्या रोजच्या भाजीसाठी ते लागणारच आहेत.

फुटपाथ: इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत मोकळी, अडथळ्याविना रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे, दुकानांपुढे अडीच, आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरच्या आत. खांब, विजेची डीपी, झाडाचं आळं हे त्या १.८ च्या बाहेर. इमारतीत गाडी शिरते तिथे फुटपाथ खाली उतरवू नका. गाडीने वर चढून, हळू होऊन आत जावं. या एका गोष्टीने म्हाताऱ्या माणसांचं पडणं कितीतरी कमी होतं.

आणि पाऊस. मुंबईत चार महिने छत्री घेऊन चालावं लागतं, तरी आराखडे कोरड्या शहराचे काढल्यासारखे असतात. फोर्टात दादाभाई नौरोजी रस्त्यावर १८९६ च्या नियमाने इमारतींखाली कमानींचा सलग छपराचा रस्ता करायला लावला होता. सव्वाशे वर्षांनंतरही पावसात लोक तिथूनच चालतात. तुमच्या १२ मीटरच्या एका तरी गल्लीला, बस थांब्यापासून मधल्या चौकापर्यंत, असा सलग छपराचा पट्टा मागा.

नाल्याचं तर तुम्हाला मी काय सांगू. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुर्ल्यात काय झालं ते तुमच्यातल्या अनेकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. शहराची जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटर धरून होती, नंतरच्या कामांत ती ५० ची करायला घेतली. म्हणजे मोठ्या सरीत पाणी तुमच्या आवारात थांबणारच. ते मैदानात थांबू द्या, घरात नको. नाल्याकडच्या पट्टीत मैदान आणि झाडं, घरं उंच बाजूला. १०,००० चौरस मीटरच्या वरच्या जागेत २५ टक्के मोकळी जागा सोडावी लागते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर चालणार नाही, असा निकाल दिला होता. नंतरच्या नियमावलीत त्यात थोडी सूट आली. तुम्ही सूट देऊ नका. पूर्ण २५ टक्के मातीवर मागा. करंज, बकुळ, ताम्हण मातीत वाढतात. पोडियमच्या दीड मीटर मातीत वड कधी होत नाही आणि पाणीही मुरत नाही.

टप्प्यांबद्दल एकच गोष्ट, पण ती सोडू नका. पहिली इमारत रिकाम्या जागेवर बांधायची, तिथे पहिल्या पाच-सहा इमारतींची माणसं थेट न्यायची, मग त्यांची जागा मोकळी करून पुढची. प्रत्येक कुटुंबाची जास्तीत जास्त एकदाच हलवाहलव. संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबं तिथेच म्हातारी झाल्याची उदाहरणं या शहरात शोधावी लागत नाहीत. पहिल्या टप्प्यातच मुख्य गल्ली, मैदान आणि दहा गाळे पूर्ण झाले पाहिजेत. शेवटच्या टप्प्यात ठेवलेलं मैदान बहुतेक वेळा साहित्याचं गोदाम होऊन बसतं.

विकासकाचं यात काहीच जात नाही असं मी सांगणार नाही. पोडियम गेला की पार्किंग विकून मिळणारा पैसा घटतो, आणि टॉवरच्या पायथ्याशी खासगी बाग दाखवून विकण्याची त्यांची सवय मोडते. त्याच्या बदल्यात गल्लीवरचे गाळे आणि बांधकाम खर्चातली बचत मिळते, कारण आठ मजली इमारत बावीस मजल्यांपेक्षा प्रति फूट स्वस्त पडते. हे आकडे त्यांच्याकडे आहेत, मागून घ्या. आणि गल्ल्यांचा नकाशा, रुंदी, तोंडं, खुला राहण्याचा हक्क, गाळ्यांचे आकार हे सगळं विकास करारनाम्याचं परिशिष्ट म्हणून जोडा. सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय त्यात बदल होणार नाही, असं वाक्य असू द्या. तोंडी आश्वासनाला पुढे कोणी विचारत नाही.

तुमची पुढची सभा रविवारी आहे असं लिहिलं आहे. त्याआधी एक करा. क्रिकेटच्या मुलांकडून फक्कीची पोती घ्या आणि शनिवारी सकाळी मैदानावर १२ मीटरची गल्ली खऱ्या मापाने आखा. १.८ मीटरचा फुटपाथ, ओट्याची कड, झाडाचं आळं, बंबाचे सहा मीटर. तीस मीटर लांब पुरे. शेजारी विकासकाच्या नकाशातल्या वाटेची रुंदी आखा. मग वसाहतीतल्या सगळ्यांत वयस्कर आजींना भाजीची पिशवी घेऊन दोन्हींतून चालायला सांगा, समोरून शाळेची पोरं येऊ द्या, एक स्कूटर ढकलत आणा. मापाची टेप मी घेऊन येते, सात वाजता.